कुलूप नसलेलं गाव आणि कुलपं तपासणारी माणसं

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना घोडेगावला आत वळलं की थोड्याच अंतरावर शनिशिंगणापूर लागतं. नेवासा तालुक्यातलं हे गाव जगाला माहीत झालं ते दोन गोष्टींमुळे. एक, उघड्या चौथऱ्यावर छपराविना उभी असलेली शनिदेवाची काळी शिळा, आणि दुसरी, घरांना नसलेली दारं. चौकट असते, पण तिला फळ्या नसतात, कडी-कोयंडा नसतो. कुत्रं आत शिरू नये म्हणून रात्री कुणी एखादी फळी टेकवून ठेवतं, कुणी पडदा सोडतं. इथे चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही ही गावाची श्रद्धा, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावाचा व्यवहार तिच्या भरवशावर चालला. जानेवारी 2011मध्ये युको बँकेने इथे शाखा उघडली तेव्हा बँकेलाही या रिवाजाशी जुळवून घ्यावं लागलं. शाखेच्या काचेच्या दाराला नजरेत भरेल असं कुलूप लावलं नाही. रोकडीची व्यवस्था मात्र बँकेने आपल्या नियमांनीच केली. 2015मध्ये गावाला स्वतःचं पोलीस ठाणंही मिळालं.

सायबर सुरक्षेवरच्या पुस्तकाची प्रस्तावना या गावापासून सुरू करण्याचं कारण 2025 साली घडलं. शनैश्वर देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून, ऑनलाइन पूजेच्या नावाखाली भाविकांकडून पैसे घेतल्याचं प्रकरण त्या वर्षी जुलैमध्ये विधानसभेत गाजलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात त्याची दखल घेतली आणि अहिल्यानगरच्या सायबर पोलिसांकडे गुन्हा दाखल झाला. दोषी कोण, ते तपास आणि न्यायालय ठरवेल. मला महत्त्वाची वाटते ती अशा फसवणुकीची रीत. तिला कुठला सर्व्हर फोडावा लागत नाही, कुणाचा पासवर्ड चोरावा लागत नाही. शिळेचा एक फोटो, देवस्थानाच्या नावाच्या जवळ जाणारं नाव, पूजांचे दर आणि पैसे घेण्यासाठी एक क्यूआर कोड एवढ्या भांडवलावर मोबाइलमध्ये दुसरं शिंगणापूर उभं राहतं. सुरतेत किंवा दुबईत बसलेला भाविक देवाचं नाव टाकून शोधतो आणि वर दिसेल त्यावर बोट ठेवतो. पैसे भरण्याआधी यूपीआयच्या पडद्यावर, ज्याच्या खात्यात रक्कम जाणार त्याचं नाव येतं. ते संस्थेचं आहे की कुणा व्यक्तीचं, एवढं पाहायला दोन सेकंद लागतात. हात जोडलेल्या माणसाला ती दोन सेकंदं सुचत नाहीत, आणि फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

शिंगणापूरच्या रिवाजाला भाबडेपणा म्हणून हसणाऱ्यांशी माझं जमत नाही. ती एक सुरक्षाव्यवस्थाच होती आणि ती इतकी वर्षं का टिकली हे नीट पाहण्यासारखं आहे. गाव लहान, माणसं एकमेकांना ओळखणारी. परका माणूस गल्लीत शिरला की चार ओट्यांवरून दिसणारा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे घरमालक आणि मोहात पडू शकणारा शेजारी, दोघंही एकाच देवाला भिणारे. भाविकांची वर्दळ वाढली तसा या व्यवस्थेवर ताण आला. 2010मध्ये बाहेरून आलेल्या एका भाविकाच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार झाली, तेव्हा त्याची बातमी देशभर छापून आली. इंटरनेटवर तर या तिन्ही आधारांपैकी एकही उरत नाही. चोर दिसत नाही, ओळखीचा नसतो, आणि आपण ज्याला भितो त्याला तो भीत असेलच याची काही खात्री नाही. म्हणून इथे दुसऱ्या प्रकारची माणसं लागतात. दार किती मजबूत आहे हे चोर यायच्या आधी तपासून पाहणारी.

त्यांना एथिकल हॅकर म्हणतात. चोर जे करील तेच करून पाहायचं, पण मालकाच्या लेखी परवानगीने, ठरवून दिलेल्या हद्दीत, आणि सापडलेली खोट फक्त मालकालाच सांगायची. या व्याख्येतला पहिला भाग तरुण मुलांना भुरळ घालतो. काळ्या पडद्यावर धावणारी हिरवी अक्षरं, चेहऱ्यावर ओढलेली टोपी, सिनेमाने दाखवलेलं ते सगळं. मी मात्र या पुस्तकाच्या वाचकाला सुरुवातीलाच सांगेन की हा पेशा उरलेल्या भागांवर उभा आहे: परवानगी, हद्द आणि अहवाल.

हे काही संगणकाच्या जमान्यातलं नवं शास्त्र नाही. लंडनच्या पिकॅडिलीत ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत 1790पासून एक कुलूप मांडलेलं होतं. ते किल्लीविना उघडून दाखवणाऱ्याला 200 गिनी देण्याचं जाहीर आव्हान होतं. साठ वर्षं कुणाला जमलं नाही. 1851च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकी कुलूपवाला आला. आधी त्याने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं, मग ब्रामाच्या कुलपाला हात घातला. पण घातला तो अटी ठरल्यावर. पंच नेमले गेले, 30 दिवसांची मुदत ठरली, कुलूप एका खोलीत बसवून दिलं गेलं. 16 दिवसांत मिळून सुमारे 51 तास काम करून त्याने ते उघडलं. इंग्लंडात गहजब झाला. अशा गोष्टी उघड करून चोरांना शिकवता काय, असं त्याला विचारलं गेलं. त्याचं म्हणणं होतं की चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतात, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा साधा माणूस. आज कोणत्याही कंपनीची चाचणी घेण्याआधी जो करार होतो, त्यात याच गोष्टी असतात: काय तपासायचं, किती दिवस, कुणाच्या देखरेखीखाली. आणि हॉब्जला विचारलेला प्रश्नही आज प्रत्येक एथिकल हॅकरच्या आईवडिलांना नातेवाईक विचारतातच.

आता आपल्या राज्यातली गोष्ट. 11 ऑगस्ट 2018 हा शनिवार होता आणि त्या दिवशी अमावस्याही होती. शनिअमावस्येला शिंगणापुरात तेल वाहायला किती गर्दी लोटते हे नगर जिल्ह्यातल्या कुणालाही सांगायला नको. त्याच दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे पैसे जगभरातल्या एटीएममधून निघत होते. एटीएममध्ये आपण कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते, स्विच मुख्य यंत्रणेला विचारतो की खात्यात शिल्लक आहे का, होकार आला की नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून या खऱ्या स्विचच्या जोडीला एक खोटा स्विच उभा केला. नकली कार्डांच्या विचारणा त्या खोट्याकडे वळल्या आणि तो प्रत्येकाला मान डोलावत राहिला. मुख्य यंत्रणेला पत्ताच नाही. काही तासांत 28 देशांतून सुमारे 12 हजार व्यवहारांत 78 कोटी रुपये गेले, भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. देशातल्या या पैसे काढण्यात आपलं कोल्हापूरही होतं. सोमवारी, 13 तारखेला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण 94 कोटी 42 लाख. एप्रिल 2023मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं.

या प्रकरणाकडे मी मुलांचं लक्ष पुन्हा पुन्हा वेधतो, कारण त्यातला प्रत्येक टप्पा कुणीतरी आधी तपासायला हवा होता. स्विचचा होकार खरोखर स्विचकडूनच आला आहे हे कशावरून? एका खात्यावर तासाभरात दहा देशांतून विचारणा आली तर कुणाच्या टेबलावर घंटा वाजते? शनिवारी दुपारनंतर त्या टेबलाशी कुणी असतं का? हल्लेखोर सुट्टीचा दिवस मुद्दाम निवडतात. घटनेनंतर दोनच महिन्यांनी, 19 ऑक्टोबर 2018ला, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट ठरवून दिली. देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या खालोखाल गावोगावच्या पतसंस्था, दूधसंघ, साखर कारखाने. प्रवरानगरचा सहकारी कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला, त्या जिल्ह्यातल्या मुलांना सहकाराचा पसारा समजावून सांगायची गरज नाही. या सगळ्यांचा हिशेब आता संगणकात आहे, आणि तो तपासू शकणारी, सभासदांशी मराठीत बोलू शकणारी माणसं फार थोडी आहेत. नोकरी म्हणजे हिंजवडी किंवा बंगळूर असं समजणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातल्या पतसंस्थेच्या सर्व्हरची खोली एकदा बाहेरून पाहावी. त्या खोलीत पुढच्या दहा वर्षांचं काम पडलेलं आहे.

काम नेमकं कसं असतं ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावर तुम्ही देणगी दिलीत आणि पावती उघडली. वरच्या पत्त्याच्या शेवटी 4517 असा आकडा आहे. कुणी सहज 4517च्या जागी 4518 टाकलं, आणि दुसऱ्याच माणसाची पावती समोर आली: नाव, मोबाइल, पॅन क्रमांक, रक्कम. इथे काहीही फोडलेलं नाही. सर्व्हरने पावती मागणारा कोण आहे हे विचारलंच नाही, इतकीच खोट. वेबच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या 2021च्या यादीत याच जातीचा दोष, म्हणजे कुणाला काय पाहण्याचा अधिकार आहे हे न तपासणं, पहिल्या क्रमांकावर आहे. दारच नसलेलं घर शोधायला शिंगणापूरला जायला नको, आपल्या मोबाइलमध्ये अशी घरं बरीच सापडतील.

आता खरा प्रश्न. 4518 उघडल्यावर पुढे काय? उत्सुकतेपोटी 4519, 4520 करत पाचशे पावत्या उतरवून घेतल्या तर तो माहिती तंत्रज्ञान कायदा 2000खालचा गुन्हा ठरू शकतो. या कायद्याचं कलम 43 मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात शिरण्याबद्दल, माहिती उतरवून घेण्याबद्दल बोलतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम 66खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझा हेतू चांगला होता, हे सिद्ध करत बसायची पाळी एकोणीस वर्षांच्या मुलावर येऊ नये. म्हणून या धंद्यातली जाणती माणसं परवानगी असतानाही स्वतःचीच दोन खाती काढतात. एका खात्यातून दुसऱ्याची पावती उघडते का ते पाहतात. उघडली की थांबतात, पडद्याचं चित्र घेतात, पायऱ्या लिहून काढतात आणि संस्थेला कळवतात. तिसऱ्या माणसाच्या माहितीला हात लागत नाही. संस्था दाद देत नसेल तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेकडे असे दोष कळवण्याची सोय आहे.

ज्यांना परवानगी कुठून आणायची असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी बग बाउंटीचा रस्ता खुला आहे. मोठ्या कंपन्या आपणहून जाहीर करतात की आमच्या अमुक सेवा, अमुक नियम पाळून तपासा, दोष सापडला तर बक्षीस देऊ. म्हणजे परवानगीचं पत्रच वेशीवर लावलेलं असतं. सोलापूरच्या मयूर फर्तडे या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एप्रिल 2021मध्ये इन्स्टाग्रामचा एक दोष फेसबुकला कळवला. खाजगी ठेवलेल्या खात्यातल्या पोस्ट, त्या माणसाला फॉलो न करताही, पोस्टच्या ओळख क्रमांकावरून पाहता येत होत्या. वर सांगितलेल्या पावतीशी याचं नातं लगेच लक्षात येईल. फेसबुकने दोष दुरुस्त केला आणि त्याला 30 हजार डॉलर, त्या वेळचे सुमारे 22 लाख रुपये, दिले. ही रक्कम ऐकून पुस्तक हातात घेणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी हेही ध्यानात घ्यावं की बाउंटीवर घर चालवणारे थोडे असतात. महिनोन्‌महिने काही सापडत नाही, आणि सापडलं ते आधीच कुणी कळवलेलं निघतं. बाउंटी ही उत्तम तालीम आहे, पोटापाण्याचा पहिला आधार म्हणून मी तिची शिफारस करत नाही.

मला त्याहून जास्त शिकण्यासारखी वाटते ती काटकर बंधूंची गोष्ट. कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस असायचे, एक काढला की तोच पुन्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या यंत्रात. संजय यांनी ते काढण्यासाठी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली आणि 1990च्या दशकाच्या मध्याला त्यातून क्विक हील हे अँटिव्हायरस आकाराला आलं. 2016मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. बिघडलेलं यंत्र उघडून तासन्‌तास त्याच्यासमोर बसायची सवय, आणि तोच बिघाड पुन्हा का येतो या प्रश्नाचा पिच्छा न सोडणं. या क्षेत्रात इंग्रजी फाडफाड बोलण्यापेक्षा ही सवय पुढे नेते, हे मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

शिकायचं काय, याचा तपशील पुढच्या प्रकरणांत आहेच. इथे फक्त क्रमाबद्दल आग्रह धरतो. आधी नेटवर्क: आपण पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय घडतं, हे वायरशार्कमध्ये एकेक पॅकेट उघडून पाहा. मग लिनक्सची आज्ञाओळ, त्यासाठी ओव्हरदवायरचा बँडिट हा मोफत खेळ पुरेसा आहे. मग पायथनमध्ये छोटे प्रोग्रॅम. मग वेब, ज्यासाठी पोर्टस्विगरची मोफत अकादमी सध्या तरी सर्वोत्तम आहे. घरच्या जुन्या लॅपटॉपवर दोन आभासी यंत्रं बसवा, एकात काली लिनक्स, दुसऱ्यात मुद्दाम कच्चं ठेवलेलं डीव्हीडब्ल्यूए किंवा ज्यूस शॉप, आणि आपणच आपल्यावर हल्ला करा. इथे परवानगी तुमचीच, नुकसानही तुमचंच. सीईएच, ओएससीपी वगैरे प्रमाणपत्रं यानंतर. मुलाखतीपर्यंत पोहोचायला त्यांचा उपयोग होतो हे खरं. पण पाया नसताना कर्ज काढून प्रमाणपत्र घेतलेली मुलं मुलाखतीत पहिल्या तीन प्रश्नांत अडखळतात आणि मग दोष नशिबाला देतात. महिनाभरात व्हॉट्सॲप हॅक करायला शिकवतो म्हणणाऱ्या क्लासची पायरी चढूच नये. पुण्याच्या सीडॅकमध्ये माहिती यंत्रणांच्या सुरक्षेची पदव्युत्तर पदविका आहे, राज्याच्या न्यायसहायक विज्ञान संस्थांमध्ये डिजिटल पुराव्यांचा अभ्यास आहे. दरवर्षी होणारी नलकॉन ही सायबर सुरक्षेची परिषद 2010मध्ये सुरू झाली तीच मुळी गोव्यात. दारं आहेत, ती उघडीही आहेत.

पहिली नोकरी बहुधा सुरक्षा देखरेख कक्षात मिळते. रात्रपाळी, समोर सरकत जाणाऱ्या नोंदी, शंभरातले नव्याण्णव इशारे खोटे. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सोडून देणाऱ्यांनी कॉसमॉसचा तो शनिवार आठवावा. शंभरावा इशारा ओळखणारा माणूस नव्याण्णव पाहिल्याशिवाय तयार होत नाही. सर्ट-इनच्या एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते. आणि सामान्य माणसाचे पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तुमच्या गल्लीतल्या आजोबांना हा क्रमांक पाठ करून देणं हेही याच पेशाचं काम आहे.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मला काळजी वाटते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुलांना हल्ली एक प्रस्ताव येतो: तुझं बँक खातं आणि सिम महिनाभर वापरायला दे, पाच-दहा हजार घे. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशी भाड्याची खाती लागतात, आणि पोलीस सर्वांत आधी पोहोचतात ते या खातेदाराच्याच घरी. नाव एकदा गुन्ह्यात आलं की बँकेत, पोलिसांत, सुरक्षा कंपनीत चारित्र्य पडताळणीच्या वेळी ते समोर येतं. ज्या क्षेत्रात लोक आपल्या तिजोरीचा नकाशा तुमच्या हातात देणार आहेत, तिथे या डागाला माफी नाही.

म्हणूनच या पुस्तकाचं पहिलं प्रकरण कुठल्याही टूलचं ठेवलेलं नाही, परवानगीच्या पत्राचं ठेवलं आहे. नमुना मराठीत आहे, कारण त्यावर तुमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी किंवा गावातल्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी समजून सही करायची आहे. त्यात तपासायच्या संकेतस्थळाचा पत्ता, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, वेळ, कशाला हात लावायचा नाही त्याची यादी, आणि काही बिघडलं तर रात्री कुणाला फोन करायचा त्याचा क्रमांक अशा जागा मोकळ्या सोडल्या आहेत. त्या भरून, सही-शिक्का घेऊन, एक प्रत त्यांच्याकडे आणि एक आपल्याकडे ठेवावी. मग दुसरं प्रकरण उघडावं.